टिटवाळ्याचा पेशंट आणि डोंबिवलीतली मी

मी फिजिओथेरपी शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास खांदा पुढे करतो. लग्नात, बँकेत, भाजीवाल्याकडे, कुठेही. "मॅडम, हे बघा ना, हात वर केला की इथे कळ येते." मी बघतेही. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला अजून 'मालिशवाल्या बाई' म्हणतात, तेही कौतुकाने. पूर्वी मी चिडायचे आणि समजावत बसायचे. निवृत्त झाल्यापासून तेवढा उत्साह उरलेला नाही, म्हणून या अंकाच्या वाचकांना एकदाच सांगून टाकते. मालिश हा आमच्या कामाचा फार छोटा भाग आहे. खरं काम म्हणजे ज्याला उठता येत नाही त्याला उठवायचं, चालता येत नाही त्याला चालवायचं, आणि हे करताना त्याला पाडायचं नाही. यातली शेवटची अट सगळ्यात अवघड.

हे शिकवायचं म्हणजे हाताला हात लावून शिकवायचं. ठाण्याच्या आमच्या कॉलेजात मी नव्या मुलांना पुस्तक उघडायच्या आधी एकमेकांचे गुडघे धरायला लावत असे. वाटी कुठे सरकते, स्नायू कधी ताठ होतो, घाबरलेल्या माणसाची मांडी कशी आखडते, हे बोटांना कळावं लागतं. मुलं आधी लाजतात, खिदळतात, कुणाला गुदगुल्या होतात. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवून दाबायचे आणि सांगायचे, "एवढं. याच्यापुढे नाही." हे 'एवढं' किती ते मला कधीच फळ्यावर लिहिता आलं नाही.

आणि मग कोरोना आला आणि वरून सूचना आली की आता सगळे वर्ग ऑनलाइन.

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीतला दिवाण हे माझं हॉस्पिटल झालं आणि आमचे हे पेशंट. आयुष्यभर विमा कंपनीत फायली हलवलेला हा माणूस निवृत्तीनंतर कधी लकव्याचा पेशंट व्हायचा, तर कधी मोडक्या खुब्याचा. मोबाइल खुर्चीवर, खुर्ची टेबलावर. मी त्यांचा पाय उचलून बोलत राहायचे आणि समोर स्क्रीनवर छोट्या छोट्या चौकोनांत मुलांची नावं. चेहरे नाहीत, कारण कॅमेरा चालू केला की नेट जायचं. मध्येच एखादा माइक चालू राहायचा आणि कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी माझ्या लेक्चरमध्ये यायची. "पाय जरा हळू ठेव," असं हे एकदा ओरडले ते सगळ्या वर्गाने ऐकलं. पुढे मुलं परीक्षेच्या काळजीने मेसेज करायची तेव्हा शेवटी विचारायची, "सर कसे आहेत?"

मुलांना हे ऑनलाइन शिकणं कसं वाटत होतं, हा प्रश्न मला अजून लोक विचारतात, आणि त्यांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. तसं ते नव्हतं. टेंभी नाक्याचा एक मुलगा खूश होता. म्हणाला, "मॅडम, तुमचं रेकॉर्डिंग मी टू-एक्सवर लावतो. एकदम पटापट होतं." मी म्हटलं, अरे, मी तुला आवडते की लवकर संपते ते आवडतं? तो नुसता हसला. कल्याणचा एक जण बिल्डिंगच्या जिन्यात बसून वर्ग करायचा, कारण घरात एक खोली आणि पाच माणसं. येणारा-जाणारा त्याला ओलांडून जायचा. तो मात्र कडवट झाला होता. "आम्ही मोबाइलवर पोहायला शिकतोय मॅडम," असं तो एकदा म्हणाला आणि त्यावर सगळ्यांनी हसण्याची चिन्हं टाकली. मला हसू आलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

सायली या दोघांपेक्षा वेगळी. टिटवाळ्याच्या नव्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर राहणारी, काडीसारखी बारीक आणि वर्गात कधीही पहिल्यांदा न बोलणारी मुलगी. तिला ऑनलाइन मनापासून आवडलं होतं. जाण्यायेण्यात जाणारा वेळ वाचला, न कळलेला भाग पुन्हा बघता येतो, आणि सगळ्यांसमोर हात वर करायची गरज नाही. शिकवलेलं सगळं ती रोज आपल्या आईवर करून बघायची आणि मला व्हिडिओ पाठवायची. व्हिडिओ सुंदर असायचे. पण एक गोष्ट मला खटकायची. सायलीने आईच्या टाचेखाली हात घातला, की तिने उचलायच्या आधीच आई पाय वर करायची. लेकीला कशाला त्रास, म्हणून. मी सायलीला सांगायचे, अगं, आईला म्हण, मुळीच मदत करू नको. ती म्हणायची, "सांगते मॅडम, पण ती ऐकतच नाही."

लॉकडाउन ऐन भरात असताना एका सकाळी तिचा फोन आला. मेसेज नाही, फोन. ही मुलगी फोन करते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला लगेच कळलं.

"मॅडम, आमच्या खालच्या मजल्यावर साळवी काका आहेत ना, देवळाजवळ हार-फुलांचं दुकान आहे त्यांचं. त्यांना स्ट्रोक आलेला. डावी बाजू गेलीय. कल्याणच्या हॉस्पिटलने घरी सोडलं, कोविडसाठी बेड पाहिजे होता त्यांना. कागदावर फिजिओथेरपी लिहिलंय, पण कोणी यायलाच तयार नाही."

"मग?"

"काकू आलेल्या वर. म्हणाल्या, तू तेच शिकतेस ना?"

तिसऱ्या वर्षाची मुलगी. खऱ्या पेशंटला तिने अजून हात लावलेला नाही. वॉर्डात जायची वेळ आली तेव्हाच कॉलेज बंद झालं. कायद्याने, नियमाने, शहाणपणाने, कुठल्याही बाजूने बघितलं तरी उत्तर एकच होतं, नाही. मी तिला तसंच सांगितलं आणि फोन ठेवून कामाला लागले. कल्याणमधल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला, तर त्याची कोविड वॉर्डात ड्युटी. दुसऱ्याची बिल्डिंग सील. तिसरीच्या घरात सासूबाई आजारी. गाड्या बंद, रस्त्यावर पोलिस. माझ्या घरापासून टिटवाळा काही लांब नाही, पण त्या दिवसांत तो परदेशातच होता.

वाचकांना इथे एक गोष्ट समजली पाहिजे. लकवा झालेल्या माणसाचे सुरुवातीचे आठवडे फार मोलाचे असतात. त्याला नुसतं पडून ठेवलं की सांधे आखडतात, खांदा निखळतो, पाठीला जखमा होतात आणि मुख्य म्हणजे उठण्याची हिंमत जाते. मग तो उठतच नाही. उलट, नीट आधार न देता उठवला आणि पडला तर खुबा मोडतो, आणि त्या काळात खुबा मोडलेल्या माणसाला कुठलं हॉस्पिटल घेणार होतं? मला तिसरीही भीती होती. पहिलाच पेशंट हातून पडला, तर ती सायली पुन्हा कुणाला हात लावणार नव्हती. अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्या पुढे लॅबमध्ये नाहीतर ऑफिसात नोकरी धरतात.

"तू हो म्हणालीस आणि तो माणूस पडला तर?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"आणि नाही म्हणाले तर?"

हे चहा करायला उठले.

संध्याकाळी मी काकांच्या डॉक्टरांशी बोलले. बोलायला त्यांना वेळ नव्हता, पण म्हणाले, ब्लडप्रेशर ताब्यात आहे, बसवा, जमेल तसं उभं करा, नाहीतर हा माणूस कायमचा बिछान्याला लागेल. मग मी सायलीला कळवलं. माझ्या अटी अशा होत्या: मी फोनवर असल्याशिवाय हात लावायचा नाही, मी सांगितलेलंच करायचं आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. ती "हो मॅडम" म्हणाली. मला तिच्या आवाजात भीती ऐकू आली आणि त्या भीतीचं मला बरंही वाटलं.

पहिले दिवस ठीक गेले. कूस बदलणं, हात-पाय हलवणं, उशा कुठे ठेवायच्या, दुबळा हात लोंबकळू द्यायचा नाही. पहिल्याच दिवशी काकांचा डावा पाय उचलताना ती थबकली. "मॅडम, किती जड आहे." तो पाय आपणहून वर येत नव्हता. माझ्या इतक्या वर्षांच्या लेक्चरांनी जे तिला सांगितलं नव्हतं, ते त्या पायाने सांगितलं.

काका मोठ्या हाडाचे, उंच माणूस. वाचा शाबूत होती, जरा जड झाली होती इतकंच. ते फार बोलायचे नाहीत. एकदा सायलीने विचारलं, "काका, तुम्हाला काय यायला पाहिजे सगळ्यात आधी?" आम्ही हे प्रत्येक पेशंटला विचारतो. मला वाटलं, दुकान म्हणतील. काकांनी काकू आत गेल्याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "संडासला माझं मी जायचंय. ही उचलते मला. तिची पाठ गेली."

म्हणजे आता उभं राहणं टळणार नव्हतं.

काकांना उभं करायचं त्या दिवशी सकाळी मी ह्यांना खुर्चीत बसवून आधी सगळं करून दाखवलं. कमरेला चादरीची घडी पट्ट्यासारखी बांधायची, धरायचं ते तिथे, हात ओढायचा नाही. पावलं मागे, नाक गुडघ्यांच्या पुढे, मग उठायचं. आधार देणाऱ्याने दुबळ्या बाजूला राहायचं आणि आपल्या गुडघ्याने पेशंटचा दुबळा गुडघा अडवायचा, म्हणजे तो मुडपत नाही. सायलीने सगळं परत म्हणून दाखवलं. एकही चूक नाही. आईवर ती हे कितीतरी वेळा करून आली होती.

तिकडे फोन स्टुलावर, डब्याला टेकवून ठेवला होता. काका पलंगाच्या कडेला, फोनकडे तोंड करून बसले. काकू बाजूला. सायलीने चादर बांधली, वाकली आणि माझ्याकडे, म्हणजे फोनकडे बघत जागा घेतली. काकांच्या उजव्या बाजूला. चांगल्या बाजूला.

"सायली, दुसऱ्या बाजूला," मी म्हटलं.

स्क्रीन थिजला होता. सायली वाकलेली, काकूंचे हात हवेत, कुणी हलत नव्हतं. मी पुन्हा ओरडले, "थांब. बाजू बदल." माझा आवाज त्यांच्यापर्यंत जातोय की नाही हेही कळायला मार्ग नव्हता. आणि मग चित्र एकदम पुढे सरकलं तेव्हा काका अर्धे उठले होते. डावा गुडघा आत गेला. एवढा मोठा देह डावीकडे, जिथे कुणीच नव्हतं तिकडे झुकला. काकू धावल्या, त्यांचा पाय स्टुलाला लागला आणि मला छतावरचा पंखा दिसायला लागला.

फक्त पंखा. तो फिरत होता. पलंग करकरल्याचा आवाज आला. काकू "अगं बाई, अगं बाई" करत होत्या. कुणाचा तरी जोरात श्वास. मी डोंबिवलीत दिवाणाजवळ उभी राहून मोबाइलवर ओरडत होते, "सायली, खाली बसव त्यांना, सायली." आमचे हे पेशंटच्या खुर्चीतून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. माझे हात पुढे झाले होते. खरंच झाले होते, धरायला. जन्मभर ज्या हातांच्या जिवावर मी लोकांना उभं केलं, ते हात एका पंख्याच्या चित्रासमोर नुसतेच पुढे झालेले. इतकी असहाय मी कुठल्याही वॉर्डात झाले नव्हते.

मग सायलीचा आवाज आला. वर्गात कधी ऐकला नाही असा, खालच्या पट्टीतला आणि अगदी स्थिर.

"काकू, हात ओढू नका त्यांचा. सोडा. हात सोडा आधी."

पुन्हा काहीतरी सरकलं.

"काका, मी आले इकडे. माझ्या गुडघ्यावर टेका. टेका बिनधास्त, मी नाही हलत. श्वास सोडा. घाई नाहीये आपल्याला."

पंखा.

"बसायचंय का काका?"

आणि काकांचा जड, ओढलेला आवाज. "नको. राहतो."

ते उभे राहिले होते. मला दिसलं नाही. मी फक्त सायलीला ऐकलं. ती अगदी हळू काहीतरी मोजत होती, मग "आता बसूया, मागे पलंग लागला का पायाला? हां, बसा" म्हणाली. पलंग वाजला. कुणीतरी फोन उचलला आणि सायलीचा चेहरा उलटा दिसला, घामाने निथळलेला.

"मॅडम, पडले नाहीत."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज चांगलं माहीत आहे. तेव्हा मी तिच्यावर वस्सकन ओरडले. कुठली बाजू दुबळी आहे एवढं समजत नाही का, काय शिकलीस, काय झालं असतं. ती ऐकत राहिली, "सॉरी मॅडम" म्हणाली, फोन बंद झाला. मी दिवाणावर बसून रडले. ह्यांनी चहा आणून ठेवला. तो तसाच गार झाला.

चूक कशी झाली ते दुपारी डोकं शांत झाल्यावर कळलं. हे कॅमेऱ्याकडे तोंड करून बसायचे आणि मी त्यांच्या डावीकडे, म्हणून स्क्रीनवर मी उजवीकडे दिसायचे. बघणारं मूल आपल्या पेशंटसारखंच फोनकडे तोंड करून, आरशात बघून करावं तशी माझी नक्कल करायचं आणि आपल्या उजवीकडे उभं राहायचं. म्हणजे पेशंटच्या भलत्याच बाजूला. वर्गात मुलं पलंगाभोवती गोल उभी असतात, कुणी मागून बघतं, कुणी बाजूने, तिथे हे होत नाही. परीक्षेत विचारलं असतं तर सायलीने झोपेतही बरोबर बाजू सांगितली असती. पण घाबरल्यावर अंग सवयीने जातं, आणि सवय आईवर लागली होती. आईच्या दोन्ही बाजू चांगल्या, तिथे चूक कुणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही. दुपारपर्यंत वाट बघून मीच केला. फोन काकांनी उचलला. सायली खाली त्यांच्याकडेच होती, पण फोन घ्यायला तयार नव्हती.

"मॅडम," काका एकेक शब्द जुळवत म्हणाले, "पोरीला रागावू नका. पडत होतो मी. पण तिने धरलं ना, तेव्हा कळलं मला, ही काय मला पडू द्यायची नाही."

मी म्हटलं, तिला फोन द्या. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे ना मॅडम. आज कधी करायचं?"

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. काका कधी हट्ट करायचे, कधी दिवसभर तोंड फिरवून पडायचे. पण उभं राहणं वाढलं, मग पलंगाची कड धरून एक पाऊल, मग काठी. आणि एक दिवस सायलीचा फोन आला तो हसत हसतच. "मॅडम, काका स्वतः गेले. आणि आतून कडी लावून घेतली. काकू बाहेरून ओरडतायत, उघडा, उघडा, आणि ते आतून म्हणतायत, जा गं." मागे काकूंचा आरडाओरडा मलाही ऐकू येत होता. तसं दार बंद करणं धोक्याचं असतं, मी काकांना समजावून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.

कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा पहिल्याच तासाला मी मुलांना विचारलं, खरं सांगा, ऑनलाइन कसं वाटलं? जिन्यातला मुलगा म्हणाला, पुन्हा नको. टेंभी नाक्याचा म्हणाला, मॅडम, प्रत्यक्षात तुम्ही फारच स्लो बोलता. सगळे हसले. सायली मागच्या बाकावर गप्प होती. मी तिला नाव घेऊन विचारलं. मनात होतं की ती म्हणेल, मॅडम, तुम्ही फोनवर होतात म्हणून जमलं. शिक्षकाला असं काही ऐकायची हाव असते, ती निवृत्तीपर्यंत सुटत नाही.

ती उठून उभी राहिली.

"चांगलं होतं मॅडम. सगळं समजायचं. पण त्या दिवशी फोन पडला ना, म्हणून काका वाचले. तोपर्यंत मी तुमच्याकडेच बघत होते. काकांकडे बघतच नव्हते."

मला राग आला. खरंच आला. इतके दिवस मी फोनला डोळे लावून बसले होते आणि माझा सगळ्यात मोठा उपयोग काय, तर मी पडले. घरी जाईपर्यंत राग होता, जेवताना ह्यांना सांगितलं तेव्हा हे इतके हसले की मग मलाही हसू आलं. आणि नंतर ती मुलगी किती खरं बोलली ते कळलं.

सायली आता कल्याणला एका दवाखान्यात काम करते आणि मी निवृत्त आहे. तरी कॉलेजवाले अधूनमधून ऑनलाइन तास घ्यायला बोलावतात, कारण ती पद्धत आता गेली नाही आणि जाणारही नाही. मी घेते. सगळं समजावते, ह्यांना खुर्चीत बसवून करून दाखवते, आता कॅमेऱ्याकडे पाठ करून. आणि उठवायची वेळ आली की मुलांना सांगते, समोर जो बसलाय, आई, भाऊ, आजोबा, त्याला धरा आणि फोन पालथा ठेवा. आता नेट बरं असतं, कॅमेरे चालू असतात; एकेक चौकोन काळा होत जातो. मग मला काहीच दिसत नाही, नुसते आवाज येतात. खुर्च्या सरकतात, कुणी हसतं, कुणी "थांब, थांब" म्हणतं. मी हात मांडीवर घट्ट धरून बसते. पहिला फोन सुलटा होऊन एखादा चेहरा दिसला, की माझ्या तोंडून आधी एकच प्रश्न निघतो, "पडलं नाही ना कुणी?"